नळीत तेल घालू नये

एअर रायफल घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की किती लांब मारते. मी सांगतो, दहा मीटर. त्याचा चेहरा पडतो. मग मी त्याला समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पायरी दाखवतो. एवढंच अंतर, त्याच्या पलीकडे या खेळात काही नाही. त्या अंतरावर एक कागद लावलेला असतो आणि कागदाच्या मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो तो टाचणीच्या डोक्याहून लहान असतो. हे ऐकल्यावर निम्मी गिऱ्हाइकं क्रिकेटची बॅट घेऊन घरी जातात. बॅटही मीच विकतो, त्यामुळे माझं काही बिघडत नाही.

मी मूळचा फिटर. तळोज्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षं पंपांची दुरुस्ती केली. कारखाना बंद पडला तेव्हा हातात कला होती आणि घरात बसवत नव्हतं. पनवेलच्या जुन्या बाजारात खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं. कॅरमचे स्ट्रायकर, बॅडमिंटनची फुलं यांच्यात एके दिवशी एक बिघडलेली एअर रायफल दुरुस्तीला आली. ती उघडली आणि मला पंपाचंच भावंड सापडल्यासारखं झालं. तिथून या धंद्यात शिरलो तो आजपर्यंत. दुकानाच्या मागे तांदळाचं जुनं गोदाम आहे, त्यात बरोबर दहा मीटर बसतात. भिंतीला पत्रे मारून घेतले, छर्रे अडवायला खोकी केली आणि शिकणाऱ्यांना सराव द्यायला लागलो.

आता जाणकारांची क्षमा मागून बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. पहिली रायफल म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा स्प्रिंगची देशी रायफल. नळी मधोमध मोडायची, की आत स्प्रिंग दाबली जाते. छर्रा भरायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, ती एका दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि दाबलेली हवा छऱ्याला बाहेर काढते. दारूगोळा काही नाही. ठरलेल्या ताकदीच्या आतली असेल तर परवानाही लागत नाही, तरी मी ओळखपत्राची प्रत ठेवून घेतो आणि वय विचारतो. याच्या वरची जात म्हणजे हवेच्या नळकांड्याची रायफल, तिला धक्का नसतो, पण तिची किंमत ऐकून वडील लोक मुलाला दुसरा छंद सुचवतात.

तर परवडणारी पहिली रायफल कशी निवडायची? ताकद बघायची नाही. दिसणं बघायचं नाही. दुर्बीण तर अजिबात घ्यायची नाही, तिच्यामुळे आपला हात किती हलतो तेवढंच मोठं दिसतं. रायफल खांद्याला लावून, डोळे मिटून, मान सैल सोडायची आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, आपोआप डोळ्यासमोर आली तर दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, तुमच्या मापाचा आहे. नाही आली तर दुसरी बघा, किंवा दस्ता कापून घ्या. दस्ता कापून मापात आणणं हे माझं खरं काम, आणि ते मी चांगलं करतो, हे सांगायला मला संकोच नाही. मग चाप. तो ओढताना कुठेही अडखळता कामा नये. मग वजन, जे दहाव्या मिनिटाला कळतं, पहिल्या मिनिटाला नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला रिकामी रायफल घेऊन दहा मिनिटं उभं करतो. लोकांना तो अपमान वाटतो.

विचुंब्याच्या एका गृहस्थांना तसा वाटला होता. त्यांच्या शेतावर आता सात मजली इमारती आहेत आणि त्यांच्या गळ्यातली साखळी मी ज्या साखळीने शटर बांधतो तिच्यापेक्षा थोडीच बारीक. मुलासाठी रायफल हवी होती. मुलाला उभं करतो म्हटल्यावर ते म्हणाले, "पोराला कशाला उभा करता? दुकानातली सगल्यात जड ती बांधा." मी जड रायफल नवशिक्याला का देऊ नये ते समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यात जड, दुर्बीणवाली रायफल घेऊन गेले. वर्षभराने वास्तुशांतीला बोलावलं तेव्हा बघितली. दिवाणखान्यात भिंतीवर टांगली होती, वरून खास दिवा सोडला होता. मुलगा दुबईला गेला होता. धंद्याचा म्हणून एक नियम असतो की विकलेल्या वस्तूचं पुढे काय झालं ते विचारू नये. मला तो नियम कधी जमला नाही.

दुसरी एक गोष्ट इकडच्याशिवाय कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. आमचा दुरुस्तीचा हंगाम दसऱ्यानंतरचा आठवडा. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते. कोयता, विळी, पाना, स्क्रूड्रायव्हर, स्कूटर, लॅपटॉप, सगळं पाटावर बसतं, आणि घरात एअर रायफल असेल तर तिचा मान पहिला. मग तिच्या नळीत कुंकू जातं, चापाच्या खाचेत अक्षता अडकतात, झेंडूची पाकळी साइटच्या खाली जाऊन वाळते. आलेला प्रत्येक पाहुणा तिला मोडून बघतो आणि छर्रा न भरताच चाप ओढतो, ज्याने दट्ट्या समोर जाऊन आपटतो. एकाने तर नळीत विड्याचं पान गुंडाळून घातलं होतं. मी हे सगळं साफ करत बसतो आणि देवाधर्माबद्दल काही बोलत नाही, कारण त्यावर माझा एक महिना चालतो.

पण एका दसऱ्याची गोष्ट तेवढी हसण्यावारी नेता येत नाही. तिच्यातल्या दोघांची नावं बदलली आहेत.

प्रणाली उरणजवळच्या करंज्याची. पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. मैत्रिणीबरोबर बॅडमिंटनची फुलं घ्यायला आली आणि मागच्या गोदामातला आवाज ऐकून तिथे जाऊन उभी राहिली. फुलं मैत्रीण घेऊन गेली. ही दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशी परत. दहा मिनिटं उभं राहायला सांगितलं तर पंचवीस मिनिटं उभी राहिली आणि रायफल खाली ठेवताना हात थरथरला नाही. लहानपणापासून बंदरावर मासळीच्या पाट्या उचललेल्या होत्या. असे खांदे मला पैसे देऊनही मिळाले नसते. सहा महिने ती दुकानाच्या रायफलीवर शिकली. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत देशी रायफलीचा वेगळा गट असतो, त्यात हिचं नाव लागू शकतं असं मला दिसायला लागलं. पण त्यासाठी स्वतःची रायफल हवी, रोज हाताळलेली, मापाची.

वडिलांना घेऊन ये म्हटलं. पंधरा दिवसांनी ती काशिनाथ नाखवांना घेऊन आली. स्वतःची बोट, तिचे तांडेल म्हणजे कप्तानही स्वतःच, बोलणं मोजून. त्यांच्या मनात मुलीने नर्सिंग करावं असं होतं, आणि बंदराचे लोक काय म्हणतील हेही होतं. मी रायफल काउंटरवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही. मी सगळं समजावलं, दस्ता का कापावा लागेल, छर्रे कोणते, खर्च रायफलीपेक्षा छऱ्यांवर जास्त कसा होतो. ते ऐकत होते की बाहेरची रिक्षा बघत होते, कळायला मार्ग नव्हता. शेवटी मुलीला न बघता मला म्हणाले, "एक वरीस देतो. तिचा नाव नाय आला तर ही आनून तुमच्या पुढ्यात ठेवीन. मग तिनं शिकायचा ते शिकायचा."

प्रणालीने मान हलवली. एवढा तो करार.

आता माझी एक सवय सांगायला हवी. रायफल कशी राखायची हे मी प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगतो. शेतकऱ्याला वेगळं, कारखान्यातल्या ऑपरेटरला वेगळं, मास्तरांना वेगळं. लोकांच्या ते चटकन ध्यानात राहतं आणि मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटतं. प्रणालीला मी नियम काटेकोर शिकवले होते. नळीत तेल घालायचं नाही, हा त्यातला पहिला. पण वडील निघताना त्यांनाही काही सांगावं म्हणून मी म्हणालो, "नाखवा, घरात खारी हवा आहे. रायफलीला तुमच्या बोटीच्या इंजिनासारखी ठेवा, काही होणार नाही."

ते वळले. "इंजिनासारखी?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, हो, अगदी तशीच. त्या दिवशी त्यांनी मला विचारलेला हा एकच प्रश्न.

वर्षभर प्रणालीने मेहनत केली. करंज्याहून उरण, उरणहून पनवेल, कॉलेज, मग माझं गोदाम. दस्ता मी तिच्यासाठी दीड इंच कापला होता, गालाखाली पातळ लाकडी पट्टी बसवली होती. ती रायफल आता दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहिली नव्हती. सप्टेंबरपर्यंत तिचे गुण निवडीच्या रेषेच्या चार-पाच वर स्थिरावले. घरी वडील विचारतात का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, नाय, रायफल कोपऱ्यात उभी असते, ते तिच्या बाजूने जातात.

निवड स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. दसऱ्याच्या दिवशी सकाळी ती सरावाला आली. गोदामात दुसरं कोणी नव्हतं. मी मागे स्टुलावर बसलो होतो. तिने पहिला छर्रा भरला, उभी राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली आणि चाप ओढला.

एअर रायफलीचा आवाज म्हणजे जाड पुस्तक मिटल्याएवढा. हा आवाज लवंगी फटाक्याचा आला. नळीच्या तोंडातून निळसर धूर निघाला. प्रणालीने रायफल खाली केली, नळी मोडून बघितली, आणि ती सैल लोंबत राहिली. स्प्रिंग तुटली होती.

मी वास घेतला आणि मला सगळं कळलं. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्यापुढे तेल गेलं तर दाबलेली हवा तापते आणि ते तेल पेट घेतं. डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवतात तेच इथे नको असताना घडतं. दट्ट्या उलटा फेकला जातो, स्प्रिंग तुटते, दट्ट्यावरचा वॉशर जळतो. उघडून बघितलं तर आत चमचाभर तेल होतं. इंजिनाचं, नवं कोरं. मी विचारलं, नळीत तेल कोणी घातलं? ती खाली बघून म्हणाली की काल पूजा होती, रायफल रात्रभर भिंतीला उभी होती. मला पुढचं विचारायची गरज नव्हती. त्या घरात इंजिनाला तेल कोण घालतं हे मला ठाऊक होतं, आणि इंजिनासारखी ठेवा असं सांगणारा कोण तेही. नळीच्या तोंडातून ओतलेलं तेल रात्रभर ओघळत खाली, थेट दट्ट्याच्या पुढे जाऊन बसलं होतं. मला स्वतःचा राग आला. एवढी वर्षं लोकांच्या नळ्यांतलं कुंकू काढून मी त्यांना मनातल्या मनात हसत आलो होतो, आणि खरा घोटाळा माझ्या तोंडून झाला होता.

दुसरी रायफल देऊन चाललं असतं का? नाही. मापाचा दस्ता हा माझा अभिमान, तोच इथे आडवा आला. कपाटातल्या कुठल्याही रायफलीला ती मान वाकडी करून उभी राहत होती. मी त्याच रात्रीपर्यंत नवी स्प्रिंग घातली, वॉशर बदलला, आतलं तेल पुसून काढलं. पण नवी स्प्रिंग तापट असते. शे-दोनशे छर्रे मारल्याशिवाय ती सरळ वागत नाही, आणि छर्रा कागदावर पूर्वीच्या जागी पडत नाही. आमच्याकडे उरला होता दीड दिवस.

मधल्या दिवशी संध्याकाळी नाखवा दुकानात आले. कसं कळलं, कोणी सांगितलं, माहीत नाही. बहुतेक मुलगी घरी लवकर आली नाही म्हणून आले असतील. प्रणाली मागे सराव करत होती. त्यांनी काय झालं विचारलं. मी गोदामाच्या दाराकडे बघितलं आणि सांगितलं की स्प्रिंग मुळातच खराब होती, कंपनीचा माल कधी कधी असा निघतो, चूक माझी, दुरुस्तीचं काही लागणार नाही. काउंटरवर जळका वॉशर आणि तुटलेली स्प्रिंग पडली होती. त्यांनी वॉशर उचलला, नाकाजवळ नेला, परत ठेवला. बरं म्हणाले आणि बाहेर ओट्यावर बसून मुलीची वाट बघत राहिले. मला वाटलं, बरं झालं, खपलं.

रविवारी प्रणाली दोन गुणांनी हुकली.

मी तिथे होतो. पहिल्या दहा छऱ्यांत तिने आठ गुण घालवले, रायफल नक्की कुठे मारते हे समजून घेण्यात. नंतरचे तीस छर्रे तिने जसे मारले तसे मी माझ्या गोदामात कोणालाही मारताना पाहिलेले नाहीत. पण पहिले दहा परत मिळत नाहीत. यादी लागल्यावर तिने ती एकदा वाचली, रायफल पिशवीत घातली आणि माझ्या पाया पडली. मला तिच्याकडे बघवलं नाही. मी चहा प्यायला गेलो.

त्यानंतर मी वाट बघत बसलो, नाखवा रायफल घेऊन कधी येतात याची. त्यांनी शब्द दिला होता आणि तो माणूस शब्द मोडणारा नव्हता. दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. कोणी आलं नाही. मग एका दुपारी प्रणाली आली आणि छऱ्यांचे दोन डबे मागितले.

मी विचारलं, वडील काय म्हणाले? ती म्हणाली, काहीच नाय म्हणाले. तो विषयच घरात निघाला नाही. एकदा फक्त जेवताना म्हणाले की पनवेलचा पुढल्या सालचा एसटीचा पास काढून घे.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी तिला सांगितलं की तेल तुझ्या वडिलांनी घातलं ते माझ्यामुळे, मीच त्यांना तसं बोललो होतो, तुझं वर्ष मी घालवलं. तिने डबे पिशवीत ठेवले, चेन लावली, आणि म्हणाली,

"काका, मी तिथंच होते. बाबांनी झारी घेतली तवा मी समोर बसलेली. इंजिनाच्या आधी तिची पूजा केली त्यांनी. वर्षभर तिला हात नव्हता लावला. पयल्यांदा हातात घेतली, पुसली, मंग तेल घातलं. मी नको कशी म्हनू?"

मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी चाप का ओढलास?

"सकाळी नळी पुसली मी. वाटलं निघालं असंल." पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली, "बाबांना सांगू नका. तुमी त्यांना बोललात ते मी मागनं ऐकलं, त्यांना वाटतं स्प्रिंग खराब होती."

नाही सांगणार, मी म्हणालो. त्या दिवशी छऱ्यांचं बिल करायला मी विसरलो पण ती पैसे ठेवून निघून गेली.

पुढच्या वर्षी तिचं नाव यादीत आलं, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. मला सांगायचं आहे ते त्या निवडीच्या आठवडाभर आधीचं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात फोन आला. मागे समुद्राचा आवाज होता, बोटीवर रेडिओ चालू असावा. आवाज ओळखायला मला क्षणभर लागला.

"शेट, काशिनाथ बोलतोय, करंज्याहून. उद्या पूजा हाय. बंदुकीला नुसता फूल ठेवतो, लाकडावर. चालंल ना?"

मी म्हटलं, चालेल. उभी ठेवू नका, आडवी ठेवा.

"आडवीच ठेवतो." मग त्यांनी रेडिओ बारीक केला. "गेल्या साली त्या वायसरचा वास घेतला ना मी, तवाच समजलो. तीस वर्सं डिझेलमधी गेली माझी. तुमी माझ्यासाठी खोटा बोललात."

मी म्हणालो की चूक माझी होती, इंजिनासारखी ठेवा असं मीच सांगितलं होतं.

"ते जाऊ द्या," ते म्हणाले. "मला समजलंय ते पोरीला म्हाईत नाय. तिला सांगू नका."

नाही सांगणार, मी म्हणालो. हेच मी दहा महिन्यांपूर्वी त्याच काउंटरमागे उभा राहून त्यांच्या मुलीला म्हणालो होतो.